सात नंबरचा शिक्का

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला वाटायला नको की हा म्हातारा स्वतःच्या आरत्या ओवाळतोय. तबूकच्या कॅम्पात माझ्यामुळे एका माणसाला तीन दिवसांत देश सोडावा लागला. तो निकाल लागत होता तेव्हा मी त्याच खोलीत भिंतीला पाठ लावून उभा होतो, तोंडात मिठाची गुळणी धरून. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे काय झालं तेवढंच आता लिहायचंय.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सौदीत तेलाचा पैसा नुसता वाहत होता. आज जिथे वाळू, तिथे सहा महिन्यांनी पाण्याची टाकी, शाळा आणि चौक. तबूकला लष्करासाठी मोठी वसाहत बांधायचं काम चाललं होतं आणि मी तिथे पाइप फिटर होतो. गाव रत्नागिरीकडचं, पण हाताला काम लागलं ते ठाण्याच्या कारखान्यात. कॅम्पात तीनेकशे हिंदुस्थानी माणसं, त्यांत आम्ही मराठी साठ-बासष्ट. चिपळूण, खेड, सातारा, सांगली. वेल्डर, फिटर, सुतार. सगळे सडेफटिंग, म्हणजे बायका होत्या, पण गावाला.

ठाण्यात मी युनियनमध्ये होतो. नुसता वर्गणी भरणारा नव्हे, दर रविवारी पार्टीच्या अभ्यासवर्गाला जाणारा. चहाच्या कपासाठी गेलो आणि अडकलो म्हणा. मार्क्सवाद म्हणजे काय ते एका निवृत्त शाळामास्तरांनी आम्हाला खडू-फळा घेऊन शिकवलं. त्यामुळे मुंबईतल्या एजंटाने जेव्हा बजावलं की तिकडे युनियन नाही, संप नाही, पार्टी तर नावालाही नाही, सापडलात तर कुणी सोडवायला येणार नाही, तेव्हा निघण्याआधी मी घर साफ केलं. पुस्तकं मित्राकडे टाकली. वह्या बायकोने बंबात घातल्या. तबूकला पोचल्यावर पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत गेला, हातात इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, आला आणि मी ठरवलं, दोन वर्षं आपण फक्त फिटर. मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. तिच्यासाठी आलो होतो, भाषणं करायला नाही.

तर तो माणूस. आमच्या पाइपांचे जोड तपासायला एक इन्स्पेक्टर होता, पन्नाशीचा, उन्हाने भाजून निघालेल्या मानेचा. आमचे लोक त्याला इंग्रज साहेब म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात मीही म्हणालो, तर गडी असा भडकला की मला वाटलं आता घरीच धाडतो. तो इंग्रज नव्हता, स्कॉटलंडचा होता, आणि हे त्याने मला तीनदा सांगितलं. शिवाय साहेबही म्हणायचं नाही. मग म्हणायचं काय? शेवटी मी त्याला नुसतं स्कॉट म्हणू लागलो.

त्याचं काम असं. वेल्डरने जोड मारला की तो येऊन बघणार, बोट फिरवणार, प्रत्येक जोडाच्या कागदावर रबरी शिक्का मारणार. शिक्क्यात गोल, गोलात सात हा आकडा. सात नंबर म्हणजे तो. कंपनीत असे बारा इन्स्पेक्टर होते, पण सातचा शिक्का पडला की आम्ही डोळे मिटून पाण्याचं प्रेशर सोडायचो. जोड वाईट असेल तर मॅनेजर डोक्यावर बसला तरी हा शिक्का मारत नसे, कापायला लावी. माझं अक्षर बरं आणि इंग्रजी कामापुरतं, म्हणून महिन्याभरात त्याने कागद भरायला मला शेडमध्ये घेतलं. शिक्का तिथेच खिळ्याला टांगलेला असायचा.

एकदा ओव्हरटाइमवरून मी वैतागलो होतो. बारा तास काम, त्यातले किती आपले आणि किती मालकाचे, असं बडबडता बडबडता तोंडातून अभ्यासवर्गातला शब्द सटकला. वरकड मूल्य. तोही इंग्रजीत. त्याने पेन खाली ठेवलं. उठला, शेडचं दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसला. संपलं सगळं, असंच वाटलं. मग त्याने हळूच विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?

तोही आमच्यातलाच निघाला. जहाजं बांधायच्या कारखान्यात तीस वर्षं, कामगारांचा पुढारी, पार्टीचा माणूस. कारखाना बंद पडला आणि पुढाऱ्याला गावात दुसरीकडे कुणी दारात उभं करेना, म्हणून इथे. आम्ही दोघे पार्टीचे, ही गोष्ट चुकूनही बाहेर जाता कामा नये, हे ना त्याने सांगितलं ना मी. दार लोटलेलं होतं, तेवढं पुरे.

मग दुपारच्या सुट्टीत आमचं सुरू झालं. विषय एकच, स्कॉटलंड. तिकडे तेव्हा वेगळं होण्याचं वारं होतं. समुद्रात तेल सापडलं होतं आणि तेल आमचं, मग राज्यही आमचं, असं तिकडचे काही लोक म्हणत होते. त्याच्या पार्टीतही दोन तट पडले होते. एक गट म्हणे, हे ब्रिटिश राज्य मालकांचं आहे, त्याचा तुकडा पडत असेल तर पाडा, कामगाराचा फायदाच आहे. हा दुसऱ्या बाजूचा. त्याचं म्हणणं, माझ्या नदीकाठचा वेल्डर आणि इंग्लंडातल्या नदीकाठचा वेल्डर, दोघांना काढणारा मालक एक, मग मधे कुंपण घालून कुणाचं भलं? आणि स्कॉटलंड काय तुमच्यासारखी वसाहत होती? तुमच्या गिरण्यांचे मॅनेजर, तुमच्या आगबोटींचे इंजिनियर, तुमच्यावर बंदुका रोखणारे सोल्जर, त्यांत आमचे किती होते मोजून बघ. हे तो मान खाली घालून सांगायचा.

मी काही कमी नव्हतो. मी त्याला संयुक्त महाराष्ट्र सांगितला. आमची पार्टी त्या चळवळीत पुढे होती आणि माझे वडील त्यात चार दिवस तुरुंगात जाऊन आले होते. मराठी राज्य झालं म्हणून मालक काही बदलला नाही, कबूल. पण मामलेदार कचेरीत वडिलांना स्वतःच्या भाषेत भांडता येऊ लागलं, हे काय थोडं आहे? तो म्हणे, तुम्ही देश सोडून गेला नाहीत, घरातल्या घरात खोली मागितलीत. मी म्हणे, खोली मागायचा हक्क आधी मान्य कर, मग एकत्र राहा म्हणून पाया पड. जायची मोकळीक नसताना एकत्र राहणं म्हणजे कोंडवाडा. आणि वर टोमणा मारायचो, इंग्रज म्हटलं की तुझ्या नाकाला मिरच्या झोंबतात, आणि म्हणतोस राष्ट्र-बिष्ट काही नसतं. त्यावर तो हसायचा. पण एकदा हसला नाही. खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. उन्हात आमची पोरं, म्हणजे तीस-चाळीस वर्षांचे बाप्ये, खंदकात उतरून पाइप ओढत होती. तो म्हणाला, हा देश स्वतंत्र आहे, तेल यांचं स्वतःचं आहे, मग त्या खंदकातल्याला काय मिळालं ते मला सांग.

मार्चमध्ये तिकडे मतदान झालं. पुरतं वेगळं होण्याचं नव्हे, आपली स्वतःची विधानसभा हवी का, एवढंच. खोलीचाच प्रश्न म्हणा. यावर मात्र तो महिनाभर घोळत होता. हो की नाही, त्याचं ठरत नव्हतं. आणि ठरलं असतं तरी इथून मत कसं देणार? लंडनच्या रेडिओवर निकाल ऐकून दुसऱ्या दिवशी आला तो काळाठिक्कर पडलेला. हो म्हणणारे जास्त निघाले होते आणि तरीही निकाल नाही असा लागला. अट होती म्हणे, की नुसतं जास्त असून भागणार नाही, यादीत जितकी नावं आहेत त्यांचा ठरावीक हिस्सा हो म्हणाला पाहिजे. म्हणजे जो घरी बसला तो 'नाही'त जमा. आजारी माणूस, यादीतून नाव न काढलेला मेलेला माणूस, सगळे 'नाही'त जमा.

"मी अजून ठरवलं नव्हतं," तो म्हणाला, "आणि माझं मत मोजून झालं."

मी चहा ओतून त्याच्यापुढे सरकवला.

आता आमची मेस. कॅम्पात सगळ्या हिंदुस्थान्यांना मिळून एकच मेस होती आणि आचारी केरळचे. माणसं चांगली, त्यांच्याबद्दल वाकडा शब्द नाही. पण मासा तळायचा तो खोबरेल तेलात. अहो, नारळ कोकणी माणसाला जिवापलीकडे प्यारा, पण खोबरेल तेल डोक्याला लावायचं, ताटात नाही. साताऱ्या-सांगलीचे तर भाकरीवाचून रडकुंडीला आले होते. आमच्यात एक खेडकडचे सुतार होते, सगळ्यांत वडीलधारे, आम्ही काका म्हणायचो. त्यांच्या हाताला चव होती. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी ते खोलीमागे स्टोव्हवर आमसुलं घालून माशाचं कालवण करायचे, तेव्हा माणसं ताटल्या घेऊन रांगेत उभी राहायची. पुढचा हिवाळा आला तसं हळूहळू बोलणं निघालं, की आपल्या वाटणीचा शिधा कंपनीने आपल्याला वेगळा द्यावा, काकांना सुतारकामातून सोडवावं, आणि आपली चूल वेगळी मांडावी.

हे मी शेडमध्ये सांगितलं तर स्कॉट खवळला. आज मेस वेगळी, उद्या पाण्याचा टँकर वेगळा, परवा केरळवाले मार खातील आणि तुम्ही बघत बसाल. कंपनीला हेच पाहिजे आहे, म्हणाला, ती आनंदाने देईल. मी म्हटलं, तुझं म्हणणं तू आमच्या लोकांपुढे मांड, पण ठरवायचं त्यांनी. ते तर झालंच, तो म्हणाला, ठरवायचं त्यांनीच.

आणि माझ्या डोक्यातला जुना युनियनवाला जागा झाला. गप्प फिटर म्हणून राहायचं ठरवलेला मी म्हणालो, मतदान घेऊ या. चिठ्ठ्यांनी, गुप्त. कुणाला कुणाची भीड नको. आणि जो येणार नाही तो कुणाच्याच बाजूला धरायचा नाही, हे मी सगळ्यांना आधीच बजावलं. काका म्हणाले, कशाला रे उगाच, हात वर करायला सांग. पण नाही. शिस्त म्हणजे शिस्त. आमच्या ठाण्याच्या युनियनमध्ये प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीवर निवडणूक बघणाऱ्याची सही असायची, म्हणजे कुणी खोट्या चिठ्ठ्या घुसवू शकत नसे. इथे सही कुणाची करायची? माझी करायचं धाडस मला झालं नाही. आता खरं लिहितोय तर तेही लिहितो. त्या हिवाळ्यात देशभर पहारा एकदम कडक झाला होता, का ते आम्हाला कुणी सांगत नव्हतं, पण नाक्यानाक्यावर बंदुका दिसत होत्या आणि इकामा दिवसातून चारदा दाखवावा लागत होता. माझं नाव कागदावर नको, एवढंच मला कळत होतं.

मग मी काय केलं? गुरुवारी संध्याकाळी कागद आवरताना खिळ्याचा शिक्का काढला आणि पासष्ट चिठ्ठ्यांच्या पाठीवर मारला. गोल, गोलात सात. मनाची समजूत घातली की या शिक्क्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. ते खरंही होतं. त्याला विचारावं, हे मनात आलं होतं. पण विचारलं तर तो नाही म्हणेल, हेही आलं होतं, म्हणून विचारलं नाही.

शुक्रवारी जेवणानंतर काकांच्या खोलीत मतदान झालं. दुधाच्या पावडरीचा मोठा पत्र्याचा डबा, झाकणाला फट. माणसं एकेक आत जात होती, वेगळी किंवा एकत्र असा एक शब्द लिहून बाहेर येत होती. बाहेर येताना प्रत्येकाचा चेहरा असा, की जणू काही गावचा सरपंच निवडून आलाय. बऱ्याच जणांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट कागदावर लिहून ठरवली होती. मला फार अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. मोजलं. वेगळी एकेचाळीस, एकत्र सतरा. चार जण ड्यूटीवर होते, ते कुणाच्याच बाजूला धरले नाहीत. काका म्हणाले, झालं ना, आता चुलीत घाल ते कागद. आणि इथे माझी दुसरी अक्कल. ठाण्याचा नियम असा, की निकालानंतर तीन दिवस चिठ्ठ्या जपून ठेवायच्या, कुणाची हरकत आली तर पुन्हा मोजता याव्यात. मी डबा काकांच्या खाटेखाली ठेवायला लावला. इतका नियमाचा पक्का मी!

रविवारी दुपारी जीप आली. कॅम्पाचा मुदीर, म्हणजे व्यवस्थापक, एक पोलीस अंमलदार आणि दोन शिपाई. ते हातभट्टीची दारू शोधत होते, कुठल्याही कॅम्पात शोधायचे. काकांच्या खाटेखालचा डबा हलवला, आत काही डचमळलं नाही, तरी उघडला.

मला शेडमधून बोलावणं आलं, कारण मराठी लोकांत लिहिण्यावाचण्याचं काम करणारा मी, हे मुदीरला ठाऊक होतं. ऑफिसात शिरलो तर टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग आणि टेबलापुढे काका, टोपी हातात घेऊन. साठीला आलेला माणूस. कंपनीचा हैदराबादचा कारकून दुभाषा म्हणून उभा होता. त्याने एक चिठ्ठी वाचून अरबीत सांगितलं, वेगळं. अंमलदाराने विचारलं, कोण वेगळं? कुणापासून? कारकुनाने पुढची उचलली. वेगळं. त्याच्या पुढचीही. अंमलदाराने हात वर करून त्याला थांबवलं. मग काकांना विचारलं, हे कुणी करायला सांगितलं?

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत राहिले. नाही ठाऊक, म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. शिपायाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझं नाव त्यांच्या ओठावर होतं आणि ते त्यांनी गिळलं, हे मला कळत होतं. बोल, मी स्वतःला म्हणत होतो. एक पाऊल पुढे टाक आणि बोल. मी भिंतीला पाठ लावून उभाच राहिलो. डोळ्यांपुढे आठ महिन्यांची मुलगी, खरं म्हणजे तोवर ती पावणेदोन वर्षांची झाली होती, पण मला तीच आठ महिन्यांची दिसत होती.

मुदीरने एक चिठ्ठी उलटी केली. गोल, गोलात सात. त्याने अंमलदाराला दाखवली आणि शिपाई बाहेर पळाला.

स्कॉट आला तो तसाच, हाताला ग्रीस. त्याला मतदानाचं ठाऊक होतं, शिक्क्याचं नव्हतं. अंमलदाराने चिठ्ठी पुढे केली. त्याने ती घेतली, वाचता येत नव्हती, उलटी केली. शिक्का पाहिला. मग मान वर करून त्याने माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या नजरेत रागच होता, दुसरं काही नाही. तो राग मी आजही विसरलेलो नाही.

"माझा शिक्का आहे," तो म्हणाला. "मीच मारला."

मग त्याने शांतपणे सांगितलं, की माणसं नीट जेवत नाहीत, त्यामुळे जोड वाईट पडतात, म्हणून किती जणांना वेगळं जेवण हवंय ते त्याने मोजून घेतलं. बाकी काही नाही. या म्हाताऱ्याने फक्त डबा दिला. अंमलदाराने विचारलं, आमच्या देशात मतदान घ्यायची परवानगी तुला कुणी दिली? तो म्हणाला, जेवणाऱ्यांची मोजणी होती. अंमलदाराला ते अर्धं पटलं असावं. गोरा माणूस, ब्रिटिश पासपोर्ट, फार ताणायचं नव्हतं. तुरुंगाचं नाव निघालं नाही. मुदीर आणि तो अरबीत थोडं बोलले आणि मुदीर म्हणाला, खलास. तीन दिवसांत एक्झिट. काकांना सोडलं. मला तर कुणी काही विचारलंच नाही. चला, कामाला लागा, यल्ला.

त्या खोलीतून मी बाहेर पडलो तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण आधी तेच वाटलं. लाज नंतर आली, आणि आली ती गेलेली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये तो सामान भरत होता. शिक्का मुदीरने काढून नेला होता, खिळा रिकामा. मी म्हणालो, माझं चुकलं. म्हणालो, मी बोलणार होतो. त्याने बॅगेचा पट्टा आवळला.

"मार्चमध्ये मला न विचारता माझं मत मोजलं," तो म्हणाला. "आता तूही तेच केलंस."

मी म्हणालो, अजून जाऊन सांगतो. खरंच गेलो असतो का? देव जाणे. तो म्हणाला, आता सांगून काकांनाही अडकवशील, गप्प बस, ते तुला जमतं. मारलीच त्याने ती थप्पड, आणि बरोबर मारली. मग बॅग उचलली, दारापर्यंत गेला आणि थांबला. युनियनचा माणूस. न विचारता राहवेना.

"आकडा काय झाला?"

मी सांगितला. एकेचाळीस, सतरा.

त्याने मान हलवली. तो सतरांच्या बाजूचा होता, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. म्हणाला, मग घ्या वेगळी. ठरलंय तर घ्या. आणि जीपमध्ये जाऊन बसला. हात मिळवला नाही.

पंधरा दिवसांत कंपनीने मेस दिली. आनंदाने दिली, तो म्हणाला होता तशीच. जनरेटरमागची खोली, वेगळा शिधा, काका आचारी. पहिल्या दिवशी आमसुलाचं कालवण आणि भाकरी. काकांनी पहिलं ताट माझ्यापुढे ठेवलं, कारण चूल वेगळी व्हावी म्हणून धडपडलो तो मी, असं सगळ्यांना वाटत होतं. ऑफिसात काय झालं ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं आणि काकांनी ते कधी काढलं नाही. मी जेवलो. जेवण फार चांगलं झालं होतं, हेच वाईट.

उन्हाळा सुरू झाला आणि मोठ्या मेसमध्ये तांदळात अळ्या निघाल्या. एकदा नाही, आठवडाभर. एके दिवशी दुपारी केरळचे, आंध्रचे, पंजाबचे, सगळे ताटल्या पालथ्या घालून मेसबाहेर उन्हात बसले. बोलत नव्हते, नुसते बसले होते. आमच्या खोलीच्या दारातून ते दिसत होते. अडीचशे माणसं.

मुदीर घाईघाईने आमच्याकडे आला. तुमचा काही संबंध नाही, म्हणाला, तुमची मेस वेगळी, तुमचा तांदूळ चांगला, जेवा आणि कामावर जा. दारातच उभा राहिला, कोण जेवतं ते बघायला, हातात वही. आमचे लोक एकमेकांकडे बघू लागले. काकांच्या हातात डाव तसाच राहिला होता. त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि रांगेत पुढे मी होतो, म्हणून मला विचारलं, वाढू का रे?

कालवणाचा वास आला. भूक लागली होती, स्कॉट गेल्यावर शेड सुटून मी परत खंदकात आलो होतो आणि पहाटेपासून राबत होतो. माझ्या मागे साठ माणसं उभी होती, आणि कुणी काही ठरवलं नव्हतं, मत घ्यायला वेळही नव्हता.

"माझं वाढू नका, काका," मी म्हणालो.

मोठ्याने म्हणालो असेन, कारण मुदीरने वही उघडली. मागे कुणी ताटली ठेवल्याचा आवाज आला, की मला तसं वाटलं, मी वळून पाहिलं नाही. मुदीर माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि वहीत लिहायला त्याने माझा हजेरीचा नंबर विचारला.

मी माझा नंबर सांगितला.